पट आणि फासे : स्पर्धेत आपली जोड कुठली?

या वेळच्या पत्रांत बॅकगॅमनचा (दोघांनी फासे टाकून आपल्या सोंगट्या पटाबाहेर काढायच्या खेळाचा) गठ्ठा जाड आहे आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: फोनवर खेळतो, मित्रांत जिंकतो, आता स्पर्धेत उतरायचंय, पण कुठल्या गटात (बिगिनर, इंटरमीजिएट की सगळ्यांत वरचा ओपन) नाव द्यायचं ते ठरत नाही. उत्तरांत सोंगट्या, फासे, घर हे सारीपाटातले शब्दच वापरले आहेत. 'घर' म्हणजे बोर्डावरचा त्रिकोण, आणि त्याचा क्रमांक आपल्या सोंगट्या बाहेर निघतात त्या टोकापासून मोजायचा. 'पॉइंट' हा शब्द फक्त गुणांसाठी ठेवला आहे, नाहीतर वाचताना घोटाळा होतो.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर दहा गेममधले सात मी जिंकतो. अ‍ॅपवरच्या 'एक्स्पर्ट' लेव्हललाही बऱ्याचदा हरवतो. पुण्या-मुंबईकडे स्पर्धा निघाली तर थेट ओपन गटात नाव देऊ का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : या दोन आकड्यांच्या भरवशावर देऊ नका. दहापैकी सात हे ऐकायला भक्कम वाटतं. पण अगदी बरोबरीचे दोघं दहा गेम खेळले, तरी त्यातल्या एका ठरावीक खेळाडूने सात किंवा जास्त जिंकण्याची शक्यता १७ टक्के असते. म्हणजे साधारण सहात एक. शंभर गेमचा हिशेब वहीत लिहिलात आणि तिथेही सत्तर भरले, तर समोरच्यापेक्षा तुम्ही सरस हे नक्की झालं. समोरचा किती पाण्यात आहे हे मात्र तेव्हाही कळलेलं नसतं.

फाशांचा हात किती लांब पोचतो याचं मासलेवाईक उदाहरण १९७९ सालचं आहे. मॉन्टे कार्लोत त्या वर्षी जगज्जेता झालेल्या लुइजी विला याला हान्स बर्लिनर यांच्या 'बीकेजी' या संगणक प्रोग्रॅमने ७–१ असं हरवलं. नंतर डाव तपासले तेव्हा बर्लिनर यांनी स्वतःच मान्य केलं की चाली विलाच्याच सरस होत्या आणि फासे प्रोग्रॅमच्या बाजूने पडले होते. जगज्जेत्याची ही गत, तर कट्ट्यावरच्या सात-तीनचं काय घेऊन बसता?

अ‍ॅपच्या 'एक्स्पर्ट'लाही काही सर्वमान्य अर्थ नाही. ज्याने अ‍ॅप बनवलं त्याने ते नाव चिकटवलं, इतकंच.

खासबागेच्या मैदानात कुस्ती लावताना वजन आणि मागच्या कुस्त्या बघून जोड ठरवतात. बॅकगॅमनमध्ये मागचे निकाल फाशांनी गढूळ केलेले असतात, म्हणून वजन दुसऱ्या काट्यावर करावं लागतं. हा काटा म्हणजे दर निर्णयामागे तुमची सरासरी चूक. तो कसा वापरायचा ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : 'पीआर' म्हणजे नक्की काय? घरी कसा काढायचा, आणि किती मॅचनंतर त्यावर विश्वास ठेवायचा? (इचलकरंजी)

उत्तर : पीआर म्हणजे परफॉर्मन्स रेटिंग. 'एक्स्ट्रीम गॅमन' किंवा खेळाडूंच्या तोंडी 'एक्सजी' या विकतच्या प्रोग्रॅममुळे हा आकडा रूढ झाला. तुमच्या प्रत्येक चालीची प्रोग्रॅम आपल्या मते सर्वोत्तम असलेल्या चालीशी तुलना करतो. दोन्हींतून मिळू शकणाऱ्या सरासरी गुणांतला फरक म्हणजे तुमची चूक. साऱ्या चुकांची बेरीज करायची, निर्णयांच्या संख्येने भागायचं आणि ५०० ने गुणायचं. फासे असे पडले की एकच चाल शक्य आहे, तर तो निर्णय मोजत नाहीत. पीआर १० आला याचा अर्थ दर निर्णयाला ०.०२ पॉइंट सांडले, शंभर निर्णयांत दोन पॉइंट. आकडा जितका लहान तितका खेळ चांगला.

पैसे खर्चायचे नसतील तर 'ग्नू बॅकगॅमन' फुकट मिळतो आणि या कामाला पुरेसा आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: तो ५०० ऐवजी १००० ने गुणतो. ग्नूचा आकडा ढोबळमानाने निम्मा केला की एक्सजीचा पीआर येतो. तुमचा ग्नू २४ दाखवतो आणि मित्र १२ सांगतो, तर तुम्ही दोघं एकाच पायरीवर आहात. नवीन माणसाची पहिली घाबरगुंडी इथेच उडते.

मोजणी अशी करा. आधी ग्नूच्या सेटिंगमध्ये जाऊन ट्यूटर बंद करा. तो चालू असला की चूक होताच टोकतो, आपण चाल मागे घेतो आणि शेवटी दिसतो तो ग्नूचा आकडा, आपला नव्हे. मॅच सात पॉइंटची लावा, म्हणजे गेम जिंकत आधी सात गुण करील तो मॅच जिंकेल. क्यूब (गेमची किंमत दुप्पट करायचा, म्हणजे डबल द्यायचा फासा; समोरच्याने ते घ्यायचं, नाहीतर गेम सोडायचा) आणि क्रॉफर्ड नियम (तो पुढे सांगितला आहे) चालू ठेवा. मॅच संपल्यावर विश्लेषणाची पातळी सोंगट्या आणि क्यूब दोन्हींसाठी 'वर्ल्ड क्लास'ला ठेवून पूर्ण मॅच तपासायला सांगा. मग मॅचच्या आकडेवारीतून चार गोष्टी वहीत उतरवा: निर्णय किती, एकूण चूक किती, त्यातली सोंगट्यांची किती, क्यूबची किती. त्याच पानावर नशिबाचाही आकडा असतो. तो शेवटी बघा, आधी बघितलात तर सबबी सुचतात.

प्रतिस्पर्धी शक्यतो माणूस असू द्या. संगणकासमोर लोक बिचकून लवकर गेम सोडतात, डाव आखूड होतात आणि अवघड प्रसंग येतच नाहीत. 'बॅकगॅमन गॅलक्सी'सारख्या ठिकाणी माणसांशी खेळता येतं आणि मॅच संपल्यावर दोघांचाही पीआर समोर येतो. पैसे लावून ऑनलाइन स्वतःला अजमावण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. खेळ कौशल्याचा असला तरी पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे.

आता किती मॅच. एका मॅचच्या पीआरला काडीची किंमत देऊ नका. सरळ पळापळीचा डाव लागला तर नवशिक्यालाही ५ मिळतो, आणि दोन्हीकडच्या सोंगट्या एकमेकांत अडकलेला गुंतागुंतीचा बॅकगेम लागला तर चांगल्या खेळाडूचाही १५ होतो. सात पॉइंटच्या किमान वीस मॅच ओळीने घ्या, आणि ओळीने म्हणजे ओळीनेच. 'ती मॅच झोपेत खेळलो' म्हणून वगळायला लागलात की मोजणी संपली.

सरासरी काढतानाही एक चूक हमखास होते. समजा एका मॅचमध्ये ६० निर्णयांत एकूण चूक ०.९, म्हणजे पीआर ७.५. दुसरीत १४० निर्णयांत ४.२, म्हणजे १५. दोन पीआरची सरासरी काढून लोक सव्वाअकरा सांगतात. खरं उत्तर चुका आणि निर्णय वेगवेगळे बेरजेला घेऊन येतं: २०० निर्णयांत ५.१, म्हणजे पावणेतेरा. लांब आणि अवघड मॅचना त्यांचं वजन मिळालंच पाहिजे.

एक्सजी स्वतः ५ च्या आतल्याला जागतिक दर्जाचा, ५ ते ७.५ ला एक्स्पर्ट, १२.५ पर्यंत अ‍ॅडव्हान्स्ड, १७.५ पर्यंत इंटरमीजिएट म्हणतो आणि त्याखाली हौशी व नवशिके. विशेषणं विसरा, आकडा धरा. आमचा सल्ला असा: वीस मॅचचा पीआर १८ च्या वर असेल तर बिगिनर गट, १० ते १८ मध्ये असेल तर इंटरमीजिएट, १० च्या खाली असेल तर ओपनमध्ये बेलाशक उतरा. ही आमची विभागणी आहे, नियम नव्हे. गटांच्या सीमा त्या त्या स्पर्धेचे संयोजक ठरवतात, तेव्हा नाव देण्याआधी त्यांना आपला आकडा सांगून विचारणं सगळ्यांत सोपं.

प्रश्न : घरी संगणक नाही आणि फोनवर एवढा उपद्व्याप नको वाटतो. कागद-पेन घेऊन स्वतःची परीक्षा घेता येईल का? (पन्हाळा)

उत्तर : येईल. नेमका आकडा मिळणार नाही, पण बिगिनर की त्यापुढचं, एवढं ठरवता येईल. पुढच्या प्रश्नांची उत्तरं आधी झाकून लिहा.

समोरची एकटी सोंगटी तुमच्या सोंगटीपासून सहा घरं लांब आहे, मध्ये अडथळा नाही. दोन फाशांच्या ३६ प्रकारांपैकी किती प्रकारांनी मारता येईल? उत्तर १७. कुठल्याही फाशावर सहा येण्याचे ११ प्रकार, पाच-एकचे दोन, चार-दोनचे दोन, शिवाय तीन-तीन आणि दोन-दोन. तीच सोंगटी सात घरं लांब असती तर? फक्त ६. सहावरून सातवर सरकल्याने धोका जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो. हे ज्याच्या हाडीमाशी भिनलंय तो एकटी सोंगटी कुठे ठेवायची याचा विचार करताना दिसतो. बाकीचे 'बघू काय पडतंय' म्हणतात.

तुमची सोंगटी मारली गेली आहे आणि समोरच्याने त्याच्या बाजूच्या शेवटच्या सहापैकी चार घरं बांधली आहेत, म्हणजे दोन-दोन सोंगट्या ठेवून अडवली आहेत. आत यायचे प्रकार किती? २०. पाच बांधली असतील तर ११, तीन असतील तर २७.

पहिल्या चालीला तीन-एक, चार-दोन, सहा-एक आणि पाच-तीन पडले तर काय करता? चारही वेळा घर बांधायचं: अनुक्रमे पाचवं, चौथं, सातवं आणि तिसरं. सहा-पाचला मागची एक सोंगटी चोविसाव्यावरून थेट तेराव्यावर पळवायची. इथे एकाही ठिकाणी अडखळला असाल तर इंटरमीजिएटची घाई नको. पाठ करायला एक दुपार लागते.

शेवटी, खेळ सुरू होताना प्रत्येकाचा पिप काउंट किती, म्हणजे सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला एकूण किती घरं चालावं लागतं? चोविसाव्यावरच्या दोन सोंगट्यांचे ४८, तेराव्यावरच्या पाचांचे ६५, आठव्यावरच्या तिघींचे २४, सहाव्यावरच्या पाचांचे ३०. बेरीज १६७. नुसता १६७ पाठ असणं आणि ही बेरीज करता येणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि पुढचं पत्र नेमकं त्याचंच आहे.

प्रश्न : फोनवर माझा पीआर ९ च्या आसपास राहतो. पण मित्राने लाकडी बोर्ड आणला, त्यावर खेळायला बसलो की सगळं ढेपाळतं. असं का? (गडहिंग्लज)

उत्तर : कारण फोन तुमची निम्मी हमाली करतो. दोघांचे पिप मोजून दाखवतो, चुकीची चाल करू देत नाही, सोंगट्या मांडून देतो आणि बहुतेक वेळा तुमचा खेळ एकाच दिशेने ठेवतो. स्पर्धेत यातलं काहीच मिळत नाही. वर घड्याळ चालू असतं. म्हणून फोनवरचा ९ हा बोर्डावरचा ९ धरू नका. सवय होईपर्यंत दोन-तीन तरी जास्तच धरा.

बोर्डावर पाच गोष्टी तपासा.

मांडणी. दिशा उलट करून, म्हणजे सोंगट्या एकदा उजव्या हाताला आणि एकदा डाव्या हाताला बाहेर निघतील अशा, न अडखळता मांडता आल्या पाहिजेत. एकाच दिशेची सवय असलेला माणूस दुसऱ्या दिशेला बसला की त्याला स्वतःचंच पाचवं घर सापडत नाही. पहिल्या दोन-तीन गेममध्ये सोप्या चाली हुकतात त्या यामुळेच.

फासे वाचणं. पाच-तीन पडले की बोट न ठेवता सोंगटी जागेवर गेली पाहिजे. घरं एक-एक मोजत जाणाऱ्याचा वेळ तर जातोच, शिवाय आपण कुठली चाल बघतोय हे समोरच्याला फुकट कळतं.

पिप मोजणी. खेळाच्या मध्यावरच्या दहा मांडण्या घ्या, दोन्ही बाजूंचे पिप मनात मोजा आणि मग फोनवर पडताळा. दोन्ही बाजू मिळून एका मिनिटात आणि एक-दोन पिपच्या फरकात आल्या तर काम भागलं. सगळ्यांत जास्त चुका बारवर (पटाच्या मधल्या पट्टीवर) पडलेली, म्हणजे मारली गेलेली सोंगटी विसरल्याने होतात. तिचे २५ धरायचे असतात.

हे मोजायचं कशासाठी, ते एका डावात बघा. मारामारी संपली आहे, नुसती शर्यत उरली आहे. तुमचे ११०, समोरच्याचे ११९. शर्यतीसाठी आठ-नऊ-बाराचा ठोकताळा आहे: आपल्या पिपच्या आठ टक्क्यांनी पुढे असलो तर पहिलं डबल, नऊने पुढे असलो तर रीडबल (आपल्या ताब्यातला क्यूब पुन्हा दुप्पट करून देणं), आणि मागे असलेल्याने बारा टक्क्यांपर्यंत डबल घ्यायचं. ११० चे आठ टक्के ८.८, नऊ टक्के ९.९, बारा टक्के १३.२. तुम्ही नऊ पिपने पुढे आहात. म्हणजे क्यूब मध्यावर असेल तर डबल द्या, तुमच्याकडे असेल तर थांबा, आणि समोरच्याने दोन्ही वेळा घ्यायला हवं. आता मोजताना चार पिप चुकले आणि फरक पाच वाटला, तर तुम्ही डबल देणारच नाही. तेरा वाटला तर 'हा आता सोडतोय' म्हणून खूश व्हाल, आणि तो शांतपणे क्यूब उचलून स्वतःकडे ठेवील. मोजणीतली चार पिपची चूक अशी थेट क्यूबच्या चुकीत उतरते.

घड्याळ. पुष्कळ स्पर्धांत दर चालीला १२ सेकंद मोकळी आणि राखीव वेळ दर पॉइंटला दोन मिनिटं असा हिशेब असतो. म्हणजे सात पॉइंटच्या मॅचला चौदा मिनिटं राखीव, आणि १२ सेकंदांच्या पुढे घेतलेला वेळ त्यातून कापला जातो. फोनवर बुद्धिबळाचं घड्याळ लावून दोन-तीन मॅच खेळा. पहिल्याच मॅचमध्ये सहा-सात मिनिटं उडाली तर तुमचा वेळ कुठे जातो ते शोधा. तो बहुधा अवघड निर्णयांत जात नाही. ज्या सोप्या चालीत काहीच फरक पडत नाही तिथे दोनदा-तीनदा घुटमळण्यात जातो.

दम. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत दिवसाला चार-पाच मॅच होऊ शकतात. घरी एका दिवसात तीन मॅच लिहून खेळा आणि तिसरीचा पीआर पहिलीशी ताडून बघा. तिसरी पाच-सहाने बिघडत असेल तर गट निवडताना तिसरीचा आकडा धरा, पहिलीचा नव्हे.

प्रश्न : सोंगट्या बऱ्या चालवतो, पण आमच्याकडे कुणी क्यूब वापरतच नाही. त्याशिवाय उतरलो तर चालेल का? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : उतरता येईल, पण बिगिनर गटात. बाकी गटांत क्यूब न समजता बसणं म्हणजे पोहता येत नसताना रंकाळ्यात उडी घेण्यासारखं. सोंगट्यांच्या चुका बारीक-बारीक असतात, क्यूबची एकच चूक अख्खा गेम घेऊन जाते.

पाया अगदी सोपा आहे. समोरच्याने दोनचं डबल दिलं. असे चार गेम धरा. चारही सोडले तर चार पॉइंट गेले. चारही घेतले आणि एकच जिंकलात, तर दोन आले, तिघांचे सहा गेले, वजा चारच. म्हणजे चारात एक, २५ टक्के, ही बरोबरीची रेघ. त्याहून जास्त शक्यता असेल तर घ्या. शिवाय घेतल्यावर क्यूब तुमच्या ताब्यात येतो, त्यामुळे नुसत्या शर्यतीत रेघ आणखी थोडी खाली, २२ टक्क्यांच्या आसपास सरकते. याउलट तुमच्या दोन-तीन सोंगट्या मागे अडकल्या असतील आणि गॅमन, म्हणजे दुप्पट हार, व्हायची भीती असेल, तर २५ पुरत नाहीत.

नवखे लोक दोन टोकांच्या चुका करतात. डबल फार उशिरा देतात, आणि समोरून आलं की घाबरून सोडतात. ग्नूच्या आकडेवारीत हुकलेली डबल, चुकीची डबल, चुकून घेतलेली आणि चुकून सोडलेली हे सगळं वेगवेगळं दिसतं. त्यातला कुठला रकाना फुगलाय ते बघा, औषध आपोआप कळेल.

मग मॅचचा स्कोअर. सात पॉइंटच्या मॅचमध्ये कुणाचे सहा झाले की लगेचच्या एका गेममध्ये क्यूब बंद असतो. हा जॉन क्रॉफर्ड यांच्या नावाचा क्रॉफर्ड नियम. त्यापुढच्या गेममध्ये मागे असलेल्याने पहिल्या संधीलाच डबल द्यायचं: एका पॉइंटने हरला तरी मॅच जाते, दोनने हरला तरी तीच जाते, मग कसलं राखून ठेवायचं? पुढे असलेल्याच्याही हातात एक डाव असतो. स्कोअर ६–५ असताना त्याने सोडलं तर ६–६ होतं, म्हणजे मॅच निम्मी-निम्मी. घेतलं तर हाच गेम मॅचचा निकाल. म्हणून आपली बाजू बरोबरीपेक्षा जराही खाली वाटली तर सोडायचं, नाहीतर घ्यायचं. ६–४ ला मात्र ही चैन नाही, तिथे घ्यायचंच धरून चाला. हे वाचताना 'हो, माहीत आहे' असं वाटलं असेल तर क्यूबच्या बाबतीत तुम्ही इंटरमीजिएटला बसायला तयार आहात. दोनदा वाचावं लागलं असेल तर अजून नाही.

प्रश्न : खालच्या गटात नाव दिलं तर बक्षीस मिळायची शक्यता वाढतेच की. मग वर कशाला मरायला जायचं? (कागल)

उत्तर : वाढते. पण नव्वद किलोच्या गड्याने साठच्या गटात लंगोट लावला तर मैदान काय म्हणेल? बॅकगॅमनच्या जगात लोक कमी आणि ऑनलाइन नोंदी सगळ्यांना दिसणाऱ्या असतात. खेळ बघून संयोजक वरच्या गटात ढकलू शकतात. आकडा दोन गटांच्या सीमेवर असेल तरच खालचा घ्या, तोही एकदाच. तिथे निम्म्यापेक्षा जास्त मॅचमध्ये समोरच्यापेक्षा तुमचा पीआर चांगला आला की पुढच्या खेपेला वर.

प्रश्न : पाच पॉइंटच्या मॅचची स्पर्धा घ्यावी की अकराची? आणि पहिल्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलो तर पातळी चुकीची धरली असं समजायचं का? (जयसिंगपूर)

उत्तर : १९९२ पासून चालू असलेल्या 'फिब्स' या सर्व्हरच्या रेटिंगच्या हिशेबाने बघा. तिथे प्रत्येक जण १५०० वर सुरू होतो. समोरचा तुमच्यापेक्षा २०० ने वर असेल, तर एका पॉइंटच्या मॅचमध्ये तुमची शक्यता ४४ टक्के, सातच्या मॅचमध्ये ३५, अकराच्या मॅचमध्ये ३२. मॅच लांबेल तसं कौशल्य वर येतं, पण अकरालाही कच्चा गडी तीनात एकदा जिंकतो. स्वतःला कमी समजत असाल तर आखूड मॅच तुमच्या फायद्याची. शिकायला जात असाल तर लांब, कारण तीत क्यूब आणि स्कोअरचे निर्णय जास्त येतात.

पहिल्या फेरीतल्या हारेने काही सिद्ध होत नाही. बत्तीस जणांची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकायला ओळीने पाच मॅच घ्याव्या लागतात. प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ६० टक्के असलेला, म्हणजे सगळ्यांवर स्पष्ट सरस असलेला खेळाडू, ती स्पर्धा आठ टक्के वेळाच जिंकतो. म्हणून जिथे हरलेल्यांसाठी कन्सोलेशन गट असतो किंवा दोन हारींनंतर बाद करतात, अशी स्पर्धा पहिल्यांदा निवडा. प्रवासाचे पैसे तीन-चार मॅचमध्ये विभागले जातात. परवानगी असेल तर फोन स्टँडवर लावून मॅच चित्रित करा, घरी येऊन चाली ग्नूमध्ये भरा. सात पॉइंटची मॅच भरायला सुरुवातीला तास-दीड तास लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण बोर्डावरचा खरा पीआर दुसऱ्या कुठल्याही वाटेने हाती लागत नाही.

प्रश्न : सारीपाट आणि कॅरम चांगला खेळतो. त्याचा काही उपयोग? (उद्यमनगर, कोल्हापूर)

उत्तर : कॅरमचा नाही. सारीपाटाचा थोडा: जुग म्हणजे दोन सोंगट्या एका घरात, आणि बॅकगॅमनमधलं बांधलेलं घर, हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ आहेत. एकटीला जपायची सवय आयती मिळते. पण तीच पुढे नडते, कारण बॅकगॅमनमध्ये सुरुवातीला चांगलं घर बांधण्यासाठी एकटी सोंगटी मुद्दाम धोक्यात ठेवावी लागते.

प्रश्न : बोर्डावरच्या स्पर्धेत फासे तिरके पडले, किंवा समोरच्याने चुकीची चाल केली, तर काय करायचं? आम्ही मित्रांत वाद घालून मिटवतो. (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही फासे पेल्यात हलवून एकदम टाकायचे आणि ते तुमच्या उजव्या हाताच्या अर्ध्या बोर्डात सपाट पडले पाहिजेत. एखादा सोंगटीवर चढला, कडेला टेकून तिरका राहिला किंवा बाहेर उडाला तर दोन्ही पुन्हा. घड्याळ असेल तर ते दाबल्यावर चाल संपते. घड्याळ नसेल तर आपले फासे उचलल्यावर. तोवर चाल बदलता येते, नंतर नाही. चुकीच्या चालीबाबत मात्र दोन पद्धती चालतात. काही ठिकाणी चूक दिसली की दोघांनीही ती दुरुस्त करायलाच हवी. काही ठिकाणी समोरच्याला ती आपल्या सोयीची वाटली तर तो तशीच ठेवू शकतो. दुसऱ्या पद्धतीत, फासे वाचण्यात कच्चा असलेला माणूस मॅचमागे एखादा पॉइंट नुसता वाटून येतो. कुठली पद्धत आहे ते पहिल्या मॅचला बसण्याआधी टेबलावरच्या पंचांना विचारून घ्या.